आत्ताच डोळा लागला यांचा

दार वीतभर उघडायचं, एक हात चौकटीवर ठेवायचा आणि समोरचा काही बोलायच्या आत हळू आवाजात सांगायचं, “आत्ताच डोळा लागला यांचा.” समोर हिंदी बोलणारं कुणी असलं तर, “अभी-अभी आँख लगी है इनकी.” लखनौच्या आमच्या कॉलनीत काकूंचं हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पोस्टमन, गॅसवाला, वर्गणी मागायला येणाऱ्या बायका, सगळे त्या वीतभर फटीतूनच परत गेलेले. खालच्या मजल्यावरच्या भाभीजी हसून म्हणायच्या, “साइंटिस्ट साहब हैं कि कुंभकर्ण?”

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझे यजमान तिथल्या एका संशोधन संस्थेत लागले आणि मी सांगलीहून थेट लखनौला जाऊन पडले. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक आमचं, एक काकूंचं. काकू मूळच्या अमरावतीच्या. काका त्याच संस्थेत वनस्पतींवर संशोधन करत होते, तीस वर्षांपासून. मुलगा बंगलोरला नोकरीला. मराठी शेजार मिळाला म्हणून मी हरखून गेले होते, पण पहिले सहा महिने मलाही त्या फटीपलीकडे प्रवेश मिळाला नाही. मला वाटलं, बाई शिष्ट आहे.

सकाळी मात्र त्या सगळ्यांना दिसायच्या. पावणेनऊला काका बॅग घेऊन निघायचे आणि वीसेक पावलं मागे काकू, हातात भाजीची पिशवी. काका संस्थेच्या फाटकातून आत गेले की फाटकाशी असलेला चपराशी काकूंकडे बघून मान हलवायचा, मग त्या वळायच्या. संध्याकाळी पुन्हा पिशवी, पुन्हा फाटक. कोपऱ्यावरचा भाजीवाला एकदा म्हणाला, “माताजी की सब्ज़ी दोनों टाइम आती है, इतनी खाता कौन है?” काकू हसल्या आणि एक लिंबू घेतलं. या वयात नवऱ्यावर इतका जीव, म्हणून कॉलनीतल्या बायका त्यांची चेष्टा करायच्या. तीही त्यांनी चालू दिली. लोक चेष्टा करतात तोवर चौकशी करत नाहीत, हे त्यांना कळलेलं होतं. मला ते पुष्कळ नंतर कळलं.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. आमचं दार हवेसाठी उघडं होतं. काका सरळ आत आले, बूट काढले, शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बनियनवर पेपर वाचत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यांनी मान वर करून मला म्हटलं, “कुसुम, चहा टाक ना.” माझं नाव कुसुम नाही. मी चहा टाकला. काय करायचं ते सुचेना म्हणून टाकला.

तेवढ्यात काकू धावत आल्या. त्यांनी खुर्चीवरचा शर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. मी तीन कप भरले. काका चहा पिऊन म्हणाले, “साखर बरोबर आहे हो.” त्यांना हाताला धरून घरी नेताना काकू दारात थांबल्या. “कुसुम यांची बहीण. लहानपणीच गेली.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत माय. तेवढी निघू दे. कोणाला सांगू नको.”

त्या दिवसापासून समोरचं दार माझ्यासाठी उघडलं. आत गेल्यावर दिसलं, काकू काय काय करून राहिल्या होत्या. रोज सकाळी काकांच्या खिशात चिठ्ठी: आजचा वार, तारीख, खोलीचा नंबर, घरचा पत्ता. न्हाणीघराच्या दारावर खडूने काढलेली मोठी बाणाची खूण. चपराशी सगळं जाणत होता. तो साहेबांना टेबलापर्यंत नेऊन बसवायचा, सह्या कुठे करायच्या ते बोटाने दाखवायचा. काका दिवसभर वाळलेली पानं कागदावर लावत बसायचे. ते काम त्यांच्या हातांना येत होतं, आणि ते अतिशय सुंदर करायचे.

फोन आमच्याकडे होता. दर रविवारी मुलाचा फोन यायचा. त्याला मराठी समजायचं, बोलायचा मात्र हिंदीत. “बाबा को दो ना, आई.” काकू रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून सांगायच्या, “आत्ताच डोळा लागला रे यांचा.” शेजारच्या खोलीत मी वरण फोडणीला टाकत असायची. एकदा न राहवून मी म्हटलं, “काकू, त्याला तरी सांगा.” त्या म्हणाल्या, “सांगीन. त्याची नोकरी पक्की होऊ दे. आत्ता सांगितलं तर सगळं सोडून येईल तो.”

पुढच्या वर्षीचा मे फार वाईट निघाला. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायचे. काका ऑफिसातून मधूनच उठून चालू लागायचे, तेव्हा त्यांच्या वरच्या साहेबांनीच काकूंना समजावून रजा टाकायला लावली. आता ते दिवसभर घरात. एका दुपारी काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि काका निघून गेले. लू वाहत होती, अंग भाजणारा वारा. आम्ही डोक्यावर ओल्या ओढण्या घेऊन गल्ली-गल्ली फिरलो. शेवटी चपराशाला ते गोमतीच्या पुलापाशी रसाच्या गाड्याजवळ उभे सापडले. पायात चप्पल नव्हती. तळवे पोळून फोड आले होते, आणि ते रसवाल्याला विचारत होते, “अमरावतीची बस इथूनच सुटते ना?”

त्या दिवशी सगळी कॉलनी जिन्यात जमली. झाकलेलं सगळं उघडं पडलं. भाभीजी कळवळून म्हणाल्या, “ऐसे आदमी को खुला कैसे छोड़ दिया आपने? बाहर जाइए तो ताला लगाकर जाया कीजिए.” बाकीच्यांनी मान डोलावली. मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून कुलूप मीच आणून दिलं. चांगलं, पितळी, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली काकूंनी कमरेला लावली आणि एक माझ्या हातात ठेवली. “तू घरी असलीस की मला धीर राहील,” त्या म्हणाल्या.

कुलपाची गरज तशी क्वचितच पडे. काकूंना बाहेर जायचं असलं की मीच काकांजवळ जाऊन बसायची. पण पंधरा दिवसांनी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला गोवर निघाला. चार रात्री मी तिला मांडीवर घेऊन बसून काढल्या. पाचव्या दिवशी सकाळी काकू दारात आल्या. जुन्या शहरात, चौक भागात एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांचं औषध काकांना लागू पडत होतं आणि ते संपलं होतं. औषधाशिवाय काका रात्रभर दारं ओढत राहायचे.

“तू काही येऊ नको, पोरीजवळच राहा,” त्या म्हणाल्या. “मी कुलूप लावून जाते. अधूनमधून फक्त डोकावून बघ. बारापर्यंत येतेच.”

अकराला मी गेले. कुलूप उघडून आत पाहिलं. काका टेबलाशी बसून वर्तमानपत्राच्या चौकोनी घड्या घालत होते. कूलर चालू होता. मी त्यांना माठातलं पाणी दिलं, ते सगळं प्यायले. “मुलगी कशी आहे?” असं त्यांनी विचारलं, अगदी पहिल्यासारखं. मी पुन्हा कुलूप लावून घरी आले. मुलगी रडत होती. तिला कुशीत घेऊन कूलरसमोर जरा आडवी झाले. पाच मिनिटं पडावं, एवढंच मनात होतं.

जाग आली ती दार ठोठावल्याने. घड्याळात पावणेतीन वाजले होते. दारात काकू उभ्या होत्या, चेहरा लाल झालेला, हातात औषधाची पिशवी. डॉक्टर उशिरा आले होते आणि परतीला रिक्षा मिळत नव्हती. त्यांची किल्ली समोरच्या कुलपात फिरली होती, पण दार आत ढकललं जात नव्हतं. “आतून काहीतरी लागून राहिलंय गं,” त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनी मिळून ढकललं. ते काहीतरी म्हणजे काका होते.

ते दाराला टेकून खाली बसल्यासारखे कोसळले होते. अंगात ऑफिसचा शर्ट, वर कोट, पायात बूट, मांडीवर बॅग. घर भट्टीसारखं तापलं होतं आणि कूलर बंद होता. आमच्या जिन्यात विजेचे दोन फेज होते. त्यांचा बारा वाजताच गेला होता, आमचा चालू होता. आमच्या कूलरचा आवाज तर तुम्हाला ठाऊकच असेल, त्या पत्र्याच्या कूलरांसमोर शेजारचं माणूससुद्धा ओरडून बोलतं. काकांच्या उजव्या हाताची बोटं सोलवटली होती. किती वेळ ते दार वाजवत होते, कुणास ठाऊक.

श्वास चालू होता. अंग इतकं तापलेलं, की हात लावून मी तो मागे घेतला. काकूंनी घेतला नाही. त्यांनी कोट काढला, बूट काढले, माठ आणून सगळा त्यांच्या अंगावर ओतला, आणि “अहो, आले मी, आले मी,” एवढंच म्हणत राहिल्या. कुणाच्या तरी गाडीतून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सातच्या सुमारास ते गेले.

जिन्यात पुन्हा सगळे जमले. मागच्याच खेपेचे लोक. “ताला लगाकर चली गईं, इतनी गर्मी में,” भाभीजी म्हणाल्या. कुणीतरी म्हणालं, “जानवर को भी कोई ऐसे बंद नहीं करता.” काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “हाँ, मैं ही ताला लगाकर गई थी,” एवढं मात्र बोलल्या. दुसरी किल्ली माझ्या पदराच्या गाठीला होती. मी पदर मुठीत घट्ट धरला.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. वडिलांच्या आजाराचं त्याला दवाखान्याच्या कागदावरून कळलं. मी भाताचं पातेलं घेऊन गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून ओरडत होता, “मुझसे छुपाया! दो साल छुपाया! और ताला लगा के चली गई, आई? किसी को बोल के तो जाती!”

मी दारातच थांबले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून एक शब्द पुरे होता. त्या म्हणाल्या, “ते पातेलं आत ओट्यावर ठेव.”

त्या रात्री मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता कुणाला सांगू नकोस.” तेरावं झाल्यावर, मुलगा बाहेर गेलेला पाहून मी काकूंकडे गेले. त्या काकांच्या शर्टांच्या खिशांतून चिठ्ठ्या काढत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले. “काकू, मी झोपले. मला बघायला सांगितलं होतं तुम्ही, आणि मी झोपले.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या गालावर उशीची खूण होती तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत? ते सगळे तुम्हाला—”

“काहून बोलू? माझं इथलं संपलं माय. मी जाईन निघून. तुला इथंच राहायचं आहे, याच जिन्यात, याच लोकांत. पोरीला वाढवायचं आहे.” चिठ्ठ्यांची थप्पी त्यांनी बाजूला ठेवली. “आणि हे बघ, मला तुझा राग येते. येते मला. रात्री झोपू देत नाही तो राग. पण तो माझ्याजवळच राहू दे. तू आता जा.”

त्यांनी मला माफ केलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. तसं त्यांनी केलं नाही. म्हणून त्या मला जास्त खऱ्या वाटतात.

जूनअखेर संस्थेचं क्वार्टर रिकामं झालं. काकू अमरावतीला भावाकडे निघाल्या. स्टेशनावर पोचवायला मी, यजमान, मुलगी आणि तो चपराशी, एवढेच. सामान चढवून झाल्यावर मुलगा खाली उतरला. माझ्याहून तीन-चारच वर्षांनी लहान. त्याने एकदम वाकून माझ्या पायांना हात लावला. “भाभी, आई ने बताया. आख़िर में एक आप ही थीं. आपने बाबा का बहुत ख़याल रखा.”

काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच, पण त्या समोरच्या बाकाकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, “अरे, इसमें क्या.” हे तीन शब्द मी म्हणाले. गाडी हलल्यावर काकूंनी हात जोडले, ते चपराशाला.

पाच वर्षांनी काकू गेल्याचं पत्र आलं. मुलानेच लिहिलं होतं, हिंदीत, चार ओळी. मी त्याला उत्तर लिहायला बसले आणि त्या दुपारचं सगळं लिहिलं: अकरा वाजता दिलेलं पाणी, कूलर, माझी झोप, माझ्याजवळची किल्ली. मराठीत लिहिलं, कारण हिंदीत मला ते जमलं नसतं. यजमान नको म्हणत असताना स्वतः जाऊन ते पेटीत टाकलं.

त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या दिवाळीला माझं शुभेच्छापत्र परत आलं. पाकिटावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, घेण्यास नकार.