मोमो वाफेवर असताना

माणसं रिकामी बसली की किस्से जमतात. आणि शनिवार पेठेतल्या मायाताईंच्या हॉटेलात माणूस किमान पंचवीस मिनिटं रिकामा बसतोच, कारण मोमो ऑर्डर दिल्यावर वळायला घेतात. माझ्याकडचे निम्मे किस्से त्या पंचवीस मिनिटांतले आहेत.

आम्ही तिघं. मी कॉलेजात ग्रंथपाल. दिवसभर दुसऱ्यांना "शांतता राखा" सांगून संध्याकाळी मला स्वतःला दोन मिनिटं गप्प बसवत नाही. जोशी सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आणि अनिल, मूळचा मांजरी गावचा, मार्केट यार्डात बटाट्याचा व्यापारी. ओळख झाली पर्वतीच्या पायऱ्यांवर. तिघांनाही डॉक्टरांनी चढायला सांगितलं होतं. आठवडाभर पर्वती चढायची आणि शनिवारी संध्याकाळी मायाताईंकडे सगळं भरून काढायचं, असा आमचा व्यायाम!

मायाताई सिक्कीमच्या. बारा वर्षांपूर्वी पुण्यात आल्या. मराठी उत्तम बोलतात, फक्त 'चमचा' त्यांच्याकडे अजून 'चमची' आहे.

* * *

अनिलला वाट बघणं जमतच नाही. खुर्चीत बसला तरी त्याचा एक पाय दाराबाहेर असतो. सुरुवातीला तो दर तीन मिनिटांनी स्वयंपाकघरात डोकवायचा. "झालं का ताई?"

"पाच मिनिटं, दादा."

असं पाच वेळा झाल्यावर ताईंनीच सरांना एक पाटी लिहून मागितली. सरांनी ठळक अक्षरात लिहिलं: "मोमो ऑर्डरनंतर वळले जातात. घाई असणाऱ्यांनी घरून जेवून यावे."

ताई घाबरल्या. "सर, गिऱ्हाईक पळेल ना!"

"पुण्यात? उलट रांग लागेल."

लागली!

* * *

समोरच्या भिंतीवर बर्फाच्या शिखरांचा एक मोठा फोटो आहे. सरांनी तीस वर्षं हिमालय शिकवला, पण प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. एकदा शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाला ते फोटोजवळ घेऊन गेले. हे शिखर कोणतं, ही हिमनदी कुठून निघते, सगळं बोटानं दाखवलं. त्या लोकांचं सूप गार झालं, पण बिचारे ऐकत राहिले.

ते गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "सर, तो फोटो कॅलेंडरमधला आहे. स्वित्झर्लंडचा."

सरांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा जवळून बघितला. मग म्हणाले, "तरीच! बर्फ जरा जास्तच नीटनेटका वाटत होता."

* * *

आयटीतला एक पोरगा मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ करत होता. ताईंना म्हणाला, "तिथली ती पीस, ती शांतता, तुम्ही खूप मिस करत असाल ना?"

"शांतता?" ताई म्हणाल्या. "तिथे मला करमतच नव्हतं. संध्याकाळी सहानंतर बोलायला कोण? शेळी!"

* * *

एकदा अनिल आईला घेऊन आला. मावशी कधी बाहेरचं खात नाहीत, त्यामुळे अनिलचा जीव खालीवर. प्लेट समोर आली. मावशींनी एक मोमो उचलला, उलटापालटा करून बघितला.

"आगं बया, ही तर दिंडं! पुरन सोडून यात भाजी कुनी भरली?"

आणि उठून थेट स्वयंपाकघरात! आतून आधी मावशींचा आवाज, मग ताईंचा, मग दोघींचं हसणं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अनिल फेऱ्या मारतोय. "आत काय चाललंय? ताईंना राग तर नाही ना आला?"

शेवटी पिठानं माखलेला एक हात पडद्याबाहेर आला.

"तू जा घरला. म्या येते रिक्षानं."

* * *

आणि मग तो पावसाळ्यातला शनिवार. आम्ही गेलो तर हॉटेलात दुसरं कुणी नव्हतं आणि ताई मोमो वळत होत्या. वळतच होत्या. त्यांच्या गावाकडे दरड कोसळली होती. आई तिथे एकटी, आणि दोन दिवस फोन लागत नव्हता.

"ताई, बसा जरा," मी म्हटलं.

"नको. हात थांबले की डोकं चालतं."

प्लेटा येत राहिल्या. आम्ही खात राहिलो. पुरे म्हणायची हिंमत कुणातच नव्हती. अनिलनं सिलिगुडीकडच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना एकामागून एक फोन लावले. रस्ता बंद, एवढंच कळलं. मी टेबलं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. सर तेवढे ताईंच्या फोनकडे बघत जागचे हलले नाहीत.

सात वाजता तो वाजला.

ताईंनी पिठाच्या हातानंच उचलला. "आमा!" पुढे त्या काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण आई आहे, बोलते आहे, एवढं कळलं. अनिल मटकन खुर्चीत बसला. ताई हसल्या, मग रडायलाच लागल्या, आणि त्यांना बोलता येईना. पलीकडून म्हातारीचा आवाज चढत गेला.

ताईंनी फोन सरांच्या हातात दिला. "सर, तुम्ही बोला. माझं रडणं ऐकून तिला वाटतंय, मलाच काहीतरी झालंय."

सर उभे राहिले. शर्ट नीट केला.

"नमस्कार. जोशी बोलतोय, पुण्याहून."

पलीकडून म्हातारी सुरू झाली. सर ऐकत होते. "हो... हो ना... अगदी... नाही, नाही, आम्ही आहोत इथे... बरं." चांगली दहा मिनिटं! मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी ताईंना परत दिला आणि खाली बसले.

अनिलला राहवेना. "काय म्हणाल्या?"

"एक अक्षर कळलं नाही," सर म्हणाले. "पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं."