वरचं पाणी

दर्यापूरच्या पुढं, खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यात मनकर्णाबाईची विहीर होती. त्या भागात जमिनीत खोल गेलं की खारं पाणी लागतं. पावसाचं गोडं पाणी झिरपून त्याच्यावर सायीसारखं बसतं, प्यायला तेवढंच.

छप्पन साली तिच्या वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मनकर्णाच्या नवऱ्यानं, मोतीरामनं, घरामागं खोदायला घेतलं. तोवर वस्तीतल्या बाया गावविहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. वरून कोणी घागरीत ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन. सोळा हातांवर गोडं लागलं तशी मोतीरामनं पहार वर फेकली.

"बस. याच्या खाली जाचं नाई."

तो वारल्यावर विहीर मनकर्णानं राखली. पोहरा आपटायचा नाही, बुडवायचा नाही. ढवळलं की खालचं खारं वर येतं, म्हणून अलगद टेकवून वरचंच पाणी घ्यायचं. नव्या सुनेला भाकरीच्या आधी ती हे शिकवायची. कुठं धप्प आवाज झाला की घरातूनच विचारायची, "कोन हाय वं? म्हैस पडली का विहिरीत?"

पासष्ट साली पाऊस आलाच नाही म्हणावं इतका कमी आला. पारावर कारणांना तोटा नव्हता. कोणी म्हणे, बाभळी तोडल्या म्हणून. मोतीरामचा पुतण्या देवमन पेपर वाचायचा. त्याच्या मते परदेशात बाँब फोडून फोडून ढगच बिथरले होते.

"बाँब तिकडं फुटला," मनकर्णा म्हणाली, "अन् पानी आमचं काहून आटलं?"

चैत्रात तळाशी वीतभर पाणी राहिलं. दोन हात खोल नेऊ, असं देवमन रोज म्हणू लागला. मनकर्णा रोज मोतीरामचं वाक्य ऐकवायची. मग एका दुपारी देवमनची बायको जयवंता, सातवा महिना लागलेली, विहिरीच्या काठावर बसलेली दिसली. तासाभरात तिचा एकच तांब्या भरला होता.

"काकी, मी गावविहिरीवर जाऊ का?"

मनकर्णा तिच्या पोटाकडं बघत राहिली. मग आत गेली आणि मोतीरामची पहार आणून देवमनच्या हातात दिली.

"एकच हात खाली जाय. जास्त नाई."

तिसऱ्या दिवशी पाणी आलं, भरपूर आलं. पोरं नाचली. मनकर्णानं ओंजळ तोंडाला लावली आणि गिळलीच नाही. तिनं चूळ टाकली तेव्हाच सगळ्यांना कळलं.

"काकानं सांगतलं होतं," देवमन म्हणाला.

"तुले नाई, मले सांगतलं होतं."

पावसाळ्यापर्यंत देवमननं लांबून बैलगाडीनं पाणी आणलं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहीर वरपर्यंत भरली. मनकर्णानं महिनाभर रोज पोहरा अलगद टेकवून चव घेतली. गोडं पाणी काही वेगळं बसलं नाही, वरचंही खारंच लागलं. महिना सरल्यावर एका सकाळी जयवंता लेकरू कडेवर घेऊन घागर उचलू लागली, तेव्हा मनकर्णानं ती काढून घेतली.

"तू राय घरी. मले सवय हाय तिथं उभं राहाची."

नऊ वर्षांनी ती गावविहिरीपासून त्याच अंतरावर जाऊन उभी राहिली. ऊन चढल्यावर काठावरच्या एका सुनेचं तिच्याकडं लक्ष गेलं. तिनं पोहरा वरूनच सोडून दिला. धप्प आवाज झाला.

मनकर्णाचे ओठ हलले. मग तिनं घागर पुढं सरकवली आणि मागं होऊन उभी राहिली.