बिनपानांची नवरी

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना केयूरनं नवरीची साफ हजामत केली.

तशी चूक त्याची एकट्याची नव्हती. बनारसच्या रामघाटावरच्या त्या उंच घराच्या गच्चीवर, कठड्याशी, त्यानं तुळशीच्या काही कुंड्या मांडल्या होत्या. विद्यापीठात तो संशोधन करत होता. हवेतली बारीक धूळ पानांचं काय करते, हे त्याला पाहायचं होतं. घरमालकीण मुक्ताकाकूंनी लग्नाच्या तुळशीची कुंडी गेरूनं रंगवली आणि वाळायला नेमकी तिथंच आणून ठेवली. संध्याकाळी केयूर आला, एका हातानं मोबाइल कानाला लावून दुसऱ्या हातानं पानं खुडत राहिला. बोटं लाल का होतायत, हा प्रश्न त्याला पडला तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या उरल्या होत्या.

काकू वर आल्या. आधी कठड्याला धरून त्यांनी दम खाल्ला. ओरडायचं तर श्वास हवा.

“दिवेलागणीला तुळस तोडतात का रे? आणि तीही नवरी?”

“काकू, मला वाटलं माझी आहे.”

“तुझी कशी? तिचं लग्न ठरलंय.”

मुक्ताकाकूंना आयुष्यात दोनच नाद. एक धुण्याचा. दुधाची पिशवी, सुटे पैसे, एकदा तर केयूरच्या आईनं पाठवलेलं लाडवांचं खोकं. घरात येणाऱ्या वस्तूला पाणी लागल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. दुसरा नाद मंगलाष्टकांचा. घाटावरच्या मराठी घरांतली दोन पिढ्यांची लग्नं त्यांच्या आवाजात लागली होती. आपला आवाज थेट मुन्शी घाटापर्यंत जातो, असं त्या सांगत. तिथं जाऊन खात्री करायची हिंमत कुणी केली नव्हती.

यंदा मात्र खोकला मुक्कामाला आला होता. जिना चढताना काकू पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या चपला नीट लावायला थांबत आणि दुसऱ्यावर खिडकीतून गल्लीतल्या गाईची चौकशी करत. इतकी माया त्यांना गाईची पूर्वी कधी नव्हती. नाशिकहून लेक मालविका केयूरला रोज फोन करी, ‘तिला डॉक्टरकडे ने रे.’ काकू ऐकत नसत.

“जरासी खाँसी आहे. बनारसला कोण खाँसत नाही? सांडसुद्धा खाँसतात.”

नवरीच्या प्रकरणानंतर दुसऱ्या दिवशी केयूर नवं रोप घेऊन आला. काकूंनी ते दारातूनच परत पाठवलं. “मुलगी जरा आजारी पडली म्हणून ऐन वेळी दुसरी उभी करतात होय?” मग त्यानं समेटासाठी सूक्ष्मदर्शक आणला आणि खुडलेलं एक पान त्याखाली ठेवलं.

“ही बारीक भोकं दिसतायत ना, ती पानाची नाकं समजा. बघा, काजळीनं कशी बुजलीत. श्वास अडतो, अन्न तयार होत नाही, पान पिवळं पडतं.”

काकू एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या. “बिचारी. सांगणार तरी कुणाला?”

केयूरनं संधी साधली. “हीच धूळ आपणही ओढतो, काकू. मोठी धूळ नाकात अडते, पण ही इतकी बारीक की थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते, पुढं रक्तातही उतरते. म्हणून म्हणतो, एकदा डॉक्टर...”

“तू झाडाचं बोल.”

लग्नाच्या दिवशी सकाळी त्या फडकं आणि बादली घेऊन गच्चीवर गेल्या आणि केयूरच्या सगळ्या कुंड्यांतलं पान न् पान दोन्ही बाजूंनी पुसून आल्या. त्या धुळीचंच वजन करून केयूरला डॉक्टरेट मिळणार होती.

संध्याकाळी लग्न. काड्यांना हिरवा खण नेसवला, बांगड्या अडकवल्या. नवरी लाजून अंग चोरून बसलीय म्हटलं तरी खपलं असतं. बाळूगुरुजींनी अंतरपाट धरला, पलीकडे बाळकृष्ण पाटावर बसला, आणि काकूंनी सूर लावला. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात लांब तान घ्यायला गेल्या आणि खोकला आला. थांबेना. गुरुजींचे हात अंतरपाटासकट अवघडले. बायका मुठीतल्या अक्षता निरखू लागल्या. काकूंनी पुन्हा तोंड उघडलं, पण आत हवाच जाईना. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. केयूरनं ती कधी पाहिली नव्हती.

मग त्यानंच पुढचं कडवं उचललं. शब्द त्याला येत होते. सुराशी मात्र त्याची तोंडओळखही नव्हती. कठड्यावरची माकडं उठून शेजारच्या गच्चीवर गेली. गुरुजींनी डोळे मिटले. तरी तो शेवटपर्यंत म्हणत गेला, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि नवरी सासरची झाली.

वऱ्हाड चिरमुरे खात पांगल्यावर केयूर काकूंजवळ जाऊन बसला.

“पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणायची, काकू. उद्या येता ना डॉक्टरकडे?”

काकू घोट घोट पाणी प्यायल्या. भांडं खाली ठेवलं.

“येते. पुन्हा तुझं गाणं ऐकण्यापेक्षा डॉक्टर परवडला.”