शोभाला भेटायला, कड्यापर्यंत

परळीच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मला घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. कोणी येणार नव्हतंच, तरी मी फलाटावर दोनदा इकडेतिकडे पाहिलं. एकोणपन्नासाव्या वर्षीही ही खोड जात नाही.

मी नाशिकला बँकेत नोकरी करते. लग्न झालं नाही. का झालं नाही हे आता कोणी विचारतही नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि घरात मी एकटी उरले. अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या आमच्या वर्गाचा फोनवर ग्रुप होता. त्यात रोज कोणाच्या तरी मुलाचा निकाल, सुनेचं डोहाळजेवण, नव्या बंगल्याची वास्तुशांत. अभिनंदन करून करून मी थकले आणि पावसाळ्यात एक दिवस ग्रुप सोडला. शोभाचा लगेच फोन आला. शोभा म्हणजे माझी होस्टेलच्या खोलीतली सोबतीण, तीन वर्षं माझ्या ताटात जेवलेली.

"ग्रुप कावून (का) सोडलास गं, सुमे?" तिनं विचारलं.

"तुमच्या लेकराबाळांच्या कौतुकात माझं काय काम?" असं म्हणून मी फोन ठेवला. नंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. दिवाळीनंतर थोडी रजा शिल्लक होती, तेव्हा ठरवलं, कड्याला, तिच्या गावी जायचं आणि शोभा अजून आपली आहे की तीही तुटली, हे एकदाचं बघायचं. थेट तिच्या दारात उभं राहायचा धीर होईना, म्हणून बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापासून निघाले.

पहिला मुक्काम धर्मापुरी. इथं आमच्या वर्गातला दिगंबर मुख्याध्यापक आहे. कॉलेजात तीन वर्षांत तो माझ्याशी तीन वाक्यंही बोलला नव्हता. आता त्यानं मोटारसायकलवर बसवून गावातलं जुनं देऊळ दाखवलं. भिंतींवरच्या दगडी बायका शेकडो वर्षं नटूनथटून उभ्या आहेत. घरी त्याच्या बायकोनं येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) आणि भाकरी वाढली. मोठा मुलगा संभाजीनगरला, धाकटा पोलीस भरतीची तयारी करतोय, आणि दिगंबरला साखर झाली आहे, या बातम्या जेवता जेवता कळल्या.

"कड्याला जानार आसाल न्हवं, मॅडम?" त्यानं हात धुताना विचारलं.

"हो. मुद्दाम त्यासाठीच आले."

"बरं केलं. आमी समदे मंगळवारी जाऊन आलो. जीप केलती."

म्हणजे सगळे जमले होते, जीप करून, शोभाकडे. माझ्याशिवाय. ग्रुप मीच सोडला होता, मग कोण कशाला बोलावणार? तरी मला फार लागलं ते.

दिंद्रुडला मंगलकडे पोचले तेव्हा दुपार कलली होती. मंगल आणि तिचा नवरा खता-बियाण्यांचं दुकान चालवतात. दुकानात कापूस वेचणीच्या दिवसांतली वर्दळ, आणि गल्ल्यावर मंगल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लेक लातूरला डॉक्टर झाली. जावईही डॉक्टर. हे सगळं मला ग्रुपवरून पाठ होतं, तरी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड केलं. रात्री तिच्याकडेच राहिले. सकाळी धपाटे बांधून देताना ती म्हणाली, "शोभाकडं लई बोलत बसू नगंस. नुसती बस तिच्यापाशी."

मी बोलते जास्त, हे खरं आहे. पण तोंडावर सांगायचं? कॉलेजातही ही अशीच होती. डबा घेतला आणि एस.टी.त जाऊन बसले.

बीडला गाडी बदलायची होती. मधल्या तासाभरात बाजारात गेले. शोभाला हिरव्या काचेच्या बांगड्यांचं भारी वेड. होस्टेलात महिन्याला डझनभर फोडायची आणि नव्या भरायची. मी डझनभर घेतल्या. "माप?" कासारानं विचारलं. "दोन-चार," मी म्हणाले, क्षणाचाही विचार न करता. त्याच रंगाचा एक नवा खणही घेतला. राग घालवायला रिकाम्या हातानं जाऊ नये.

मांजरसुंब्याचा घाट, मग पाटोदा, मग आष्टी. उघडेबोडके डोंगर, मधूनच तुरीचं रान, उसाच्या गाड्यांमागे रेंगाळणारी आमची बस. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कुनाकडं जायचं बाई?" मी म्हणाले, "मैत्रिणीकडं." मला ते सांगायला बरं वाटलं.

कड्याला उतरून शोभाचं घर विचारलं. ती इथल्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे पहिल्याच माणसानं वाट दाखवली. दार सताड उघडं होतं. बांगड्यांचा डबा हातात धरूनच मी आत शिरले आणि ओरडले, "शोभे! कुठायस गं?"

ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. चार-सहा बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये शोभा होती. कपाळ मोकळं. हातही मोकळे.

दिगंबरची जीप, मंगलचं ते 'नुसती बस', सगळं एका क्षणात कळलं. शोभाचा नवरा गेला होता, नऊ दिवसांपूर्वी, छातीत कळ येऊन. बातमी ग्रुपवर आली होती. तिकडे सगळे धरून चालले होते की मला ठाऊक आहे, मी त्यासाठीच निघाले आहे. आणि अशा घरात मी हिरव्या बांगड्या घेऊन उभी होते.

डबा पाठीमागे लपवायचंही सुचलं नाही. शोभा उठून जवळ आली. डब्यावरचा आकडा तिनं वाचला.

"माप ध्यानात हाय तुज्या," ती म्हणाली.

"शोभे, मला माहीत नव्हतं गं. आईशप्पथ माहीत नव्हतं."

"मंग कशाला आलतीस?"

"तुला बघायला. तू रागावलीस म्हणून."

तिनं माझं मनगट धरलं. "नऊ दिस झाले, समदे त्यांच्यासाठी येतेत. माज्यासाठी कुनी आलंच न्हाई." आणि मग ती रडली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, तिसऱ्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

मी तिच्याजवळ तीन तास बसले. बोलले नाही. सुतकाचं घर, तेव्हा चहापाणी नव्हतं. मुलगा पुण्याला असतो, तेरावं झालं की जाईल, एवढंच ती म्हणाली. सगळ्या वर्गात सगळ्यात कमी बातमी तिनं सांगितली, आणि मला सगळ्यात जास्त तिचीच कळली.

शेवटची गाडी पाचची होती. मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, आणि सवयीनं म्हणाले, "येते गं."

बायकांमध्ये कुजबुज झाली. सासूबाई दचकून म्हणाल्या, "आगं बाई, दुखवट्याच्या घरातून जाताना आसं म्हनू न्हाई! मुकाट उठावं." हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईच्या वेळी प्रत्येक जण माझ्या दारातून तसाच मुकाट उठून गेला होता.

"म्हनू द्या आत्याबाई," शोभा म्हणाली. "ये गं सुमे. खरंच ये."

अहिल्यानगरला गाडी बदलली आणि नाशिक गाठलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली आणि रिकाम्या घरात चहा घेऊन बसले. या फेरीत मी काय पाहिलं असं कोणी विचारलं, तर देऊळ, घाट, तुरीची रानं सांगेन. खरं तर मी एवढंच पाहिलं की इतकी वर्षं मी ज्यांचा हेवा केला त्यांच्यातली एक आता माझ्यासारखीच होणार आहे. आणि याचा मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी सकाळी सगळे जातात आणि भांडी जागच्या जागी लागतात. तो दिवस कसा असतो हे मला ठाऊक आहे. मी बँकेत आणखी रजा टाकली आणि चौदाव्या दिवसाचं कड्याचं तिकीट काढलं.