मोरचुदाचं पाणी

जमिनीखालची लोखंडी पाइपलाइन कुठं गंजते आहे ते शोधणं, हे गुणाकर रामटेकेचं सरकारी काम. १९६८ साली तो त्यासाठी बालाघाटहून लामत्याकडे सायकलनं जायचा. मातीच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याची कांडी; भांड्यात भरायला तेच पाणी एका बाटलीत जास्तीचं. भांडं ओल्या जमिनीवर टेकवायचं, तार पाइपाला जोडायची आणि मीटरचा काटा वाचायचा.

एका पावसाळ्यात त्यानं वाटेवरच्या भैयालाल शेतकऱ्याच्या बैलाच्या कुजलेल्या खुरावर ते पाणी ओतलं. खूर बरा झाला आणि गुणाकरच्या डोक्याला ताप झाला. धानाच्या चिखलातले बैल घेऊन लोक वाटेत त्याची वाट पाहत.

"हे दवाई नोहे भाऊ, मोजाचं पानी आहे," तो चिडून सांगे.

"हौ, पण थोडंसं द्या ना."

नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. शेवटच्या ठिकाणी पोचेपर्यंत बाटली रिकामी होई, तिथला आकडा राहून जाई.

नेमका तिथंच पाइप फुटला. त्याचे वरिष्ठ बंडोपंत साहेबांनी त्याला उभं करून झापलं, "इथलं काहून नाही मोजलं?"

त्यानं सगळं खरं सांगितलं.

"उद्या एक बाटली माह्या घरी देऊन जाजा," साहेब म्हणाले. "गाय लंगडून राह्यली."