पिकारांच्या शिवेवरचा नारळ

मिरजगावची शीव आली तशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी थांबवायला लावली. गाडीत मी, माझा नवरा तोमा, आम्हाला मुंबईच्या विमानतळावर सोडायला निघालेला माझा भाऊ आणि दोन अवाढव्य बॅगा. मागच्या गाडीत आई आणि आबा, ते शिवेपर्यंतच येणार होते. आबा उतरले, रस्त्याकडेच्या दगडाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. हायवेवरचे ट्रक हॉर्न मारत जात होते. मग त्यांनी पिशवीतून दुसरा नारळ काढून माझ्या हातात दिला.

"ह्यो तिकडच्या शिवेवर फोड. सासरची शीव लागली की आदी नारळ, मग पाऊल."

लग्नाचं वऱ्हाड निघालं की दोन्हीकडच्या शिवेवर नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. एका गावानं सोडलं, दुसऱ्यानं घेतलं. मी विचारलं, "आबा, पण तिकडची शीव म्हणजे नेमकी कुठली?" आबांनी तोमाकडं पाहिलं. तोमा हसला. त्याला तेव्हा मराठी येत नव्हतं, म्हणून तो सगळ्यालाच हसायचा.

खरं तर हा प्रश्न आबांचाच होता. फ्रान्सचा मुलगा म्हटल्यावर घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नव्हतं, पण आबांनी जात काढली नाही की धर्म काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांचं मूळ गाव कोन्तं?" मी सांगितलं, आडनाव पिकार. पिकार म्हणजे पिकार्दीचा माणूस, आणि पिकार्दी हा फ्रान्सच्या उत्तरेचा मुलूख. पण घराणं पिढ्यान् पिढ्या लियों शहराजवळच राहतंय, पिकार्दीतलं गाव कोणतं ते कुणालाच ठाऊक नाही.

"मुलूख म्हंजी गाव न्हवं," आबा म्हणाले. "उद्या मी सांगितलं, आमी नगर जिल्ह्याचे, तर कुनी सोयरीक करंल का?"

आबांचं बोलणं त्यांच्या जागी बरोबर होतं. आमचं आडनाव पारनेरकर. आबांच्या आजोबांनी बैलजोडी आणि बायकोसह पारनेरची बाजू सोडली आणि मिरजगावात येऊन बी-बियाणांचं दुकान टाकलं. त्याआधी आमचं आडनाव काय होतं, हे आता भाऊबंदांतही कुणी छातीठोक सांगत नाही. पण गाव ठाऊक आहे, गावातला देव ठाऊक आहे. दरवर्षी एकदा आम्ही सगळे टेम्पोत बसून तिकडं नैवेद्य घेऊन जायचो. तिथले लोक आम्हाला "मिरजगाववाले पाव्हणे" म्हणायचे आणि मिरजगावात आम्ही पारनेरकर. लहानपणी मला याचा राग यायचा. कुठंच आपलं म्हणून घेत नाहीत मेले, असं वाटायचं.

तर तो दुसरा नारळ माझ्याबरोबर विमानात बसला आणि लियोंजवळच्या आमच्या छोट्या गावात आला. मी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, ऑलिव्ह तेलाच्या बाटलीशेजारी. रविवारी आईचा फोन यायचा. भाजी काय केलीस, थंडी किती आहे, आणि फोन ठेवता ठेवता, "नारळ फोडला का गं?"

"नाही अजून."

"बरं," आई म्हणायची. त्या "बरं"चा मला भयंकर त्रास व्हायचा.

तुमच्यापैकी जे असे निघून आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. घर लावलं, भाषा शिकले, गाडीचं लायसन्स काढलं, मेरीत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन नाव नोंदवलं. आडनावाच्या जागी 'पिकार' लिहायलाही शिकले. पण कुणी ते नाव मोठ्यानं पुकारलं की मी दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं समजून बसून राहायची. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई तर मला सरळ 'इंदियेन' म्हणते, भारतीण. प्रेमानंच म्हणते, ताजा पाव बाजूला काढून ठेवते, पण म्हणते. आणि मिरजगावला गेले तर स्टँडसमोरचा चहावाला ओरडतो, "फ्रान्सवाल्या ताई आल्या!" मला वाटायचं, आबांचं खरं आहे. एका शिवेनं सोडलं, दुसरीनं अजून घेतलंच नाही. मी आपली मध्येच लटकलेली. आणि मुलगी झाल्यावर तर फारच वाटायला लागलं. मीरा कुठली, असं उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं?

मीरा चालायला लागली तेव्हा आबा आले. आईचे गुडघे दुखतात, ती नगरला, सावेडीत, माझ्या भावाच्या फ्लॅटवर राहिली. आबांनी आल्या आल्या फळीवरचा नारळ ओळखला. खाली काढला, कानाशी नेऊन हलवला. पाण्याचा आवाज येत नव्हता. आत काहीतरी टक टक आपटत होतं.

"पानी आटलं," ते म्हणाले आणि नारळ परत फळीवर ठेवला. मला मात्र धसका बसला. आता फोडला आणि नासका निघाला तर?

माझे सासरे आंद्रे यांनी निवृत्तीनंतर एकच नाद लावून घेतलाय, आपलं घराणं कुठून आलं ते शोधायचं. मागं मागं जात ते लियोंजवळच्या एका गवंड्यापाशी पोचले होते. त्याच्यापासून पुढं पिकार नाव सुरू होतं आणि त्याच्या आधीचं काही सापडत नव्हतं. आबांनी मूळ गावाचा विषय काढल्यावर आंद्रेंचे डोळे लकाकले. दोन म्हातारे, एकाला फ्रेंच येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, आणि दोघांचं आठवड्यात ठरलं की पिकार्दीला जायचं. मी दुभाषी. नारळ गाडीच्या डिकीत.

ऑक्टोबर होता. पिकार्दी म्हणजे सपाट रान, नजर जाईल तिथवर. शेताच्या बांधाला बिटाचे ढीग लागलेले, ट्रॅक्टरांनी रस्त्यावर चिखल आणलेला. दूर धुरांडं दिसलं. मी सांगितलं, ती साखरेची फॅक्टरी, इथं उसाची नाही, बिटाची साखर करतात. आबा काच खाली करून वास घेत बसले. "शुगर फॅक्टरीचा सीझन तो सीझनच. हितं पन सगळा चिखल रस्त्यावर. लई बरं वाटलं बघ."

आंद्रे मात्र घाईत होते. एक गाव गाठलं, चर्चसमोर कॅफे होतं, तिथं आम्ही कॉफी घेतली. आंद्रेंनी कॅफेच्या मालकिणीला विचारलं, या भागात पिकार आडनावाची जुनी घरं कुठं आहेत? ती बाई आधी बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "इथं कुणाचं आडनाव पिकार कशाला असेल, मस्यू? इथं आम्ही सगळेच पिकार आहोत!"

आंद्रेंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचा शोध त्या बाईनं कप पुसता पुसता मोडीत काढला होता. मी आबांना सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला आणि ते असे खदखदून हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"आगं, पारनेरात तरी कुठं हाय एखादा पारनेरकर?"

मग ते आंद्रेंकडं वळले. मराठीतच बोलू लागले, सावकाश, मी मागून फ्रेंच करत गेले. "गावानं कुनालाच आपलं नाव दिलेलं न्हाई. मानूस निघून गेला, तवा दुसऱ्यांनी दिलं. आमच्या आज्याला मिरजगावानं पारनेरकर केलं. तुमच्या त्या गवंड्याला तुमच्या गावानं पिकार केलं. नाव पडलं तवाच त्याला त्या गावानं घेतला की. मी येडा, तुमचं मूळ विचारत बसलो. शीव तिकडं हाय, तुमच्या दारात."

आंद्रेंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी उलट्या दिशेनं शोधत होतो," ते म्हणाले. आणि मग आबांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "पण कॉफी चांगली होती." मला बेकरीतली बाई आठवली. इंदियेन. इतकी वर्षं मी त्या शब्दावर रुसून बसले होते.

आम्ही घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आम्हा सगळ्यांना चालत आमच्या गावाबाहेर घेऊन गेले. फ्रान्समध्ये गाव सुरू होतं तिथं नावाची पाटी असते आणि संपतं तिथं त्याच नावावर लाल रेघ मारलेली पाटी. आबांना ही व्यवस्था भलतीच पसंत पडली. "आपल्याकडं शिवेवरनं खून होत्यात, ह्यांनी पाटीच लावलीया." आम्हाला त्यांनी पाटीच्या बाहेरच्या बाजूला उभं केलं. पाटीच्या खांबाला हळदकुंकू लागलं. कुत्रं फिरवायला निघालेले एक गृहस्थ थांबून टोपी हातात घेऊन बघत राहिले.

नासका निघू नये, एवढंच माझ्या मनात. आबांनी खांबाच्या सिमेंटवर नारळ आपटला. करवंटीचे दोन तुकडे झाले आणि आतून अख्खा गोटा घरंगळत आला, तो मीराच्या बुटाशी जाऊन थांबला. पांढरा, कोरडा, कुठं डाग नाही.

आबांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांचे डोळे भरले होते. "करवंटीपासनं सुटला गं," ते म्हणाले, "पर शाबूत हाय."

मला हुंदका आवरेना. आम्ही पाटी ओलांडली, आधी मी आणि मीरा, मग बाकीचे. खोबरं जरा खवट लागलं. आंद्रेंनी तोंड वाकडं न करता खाल्लं.

घरी येऊन मी आईला फोन लावला. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी तिनं तेच विचारलं. "फोडला का गं?"

"फोडला."

मिरजगावला मी त्याआधी कितीदा तरी जाऊन आले होते, पण आईनं मला कधी 'ये' म्हटलं नव्हतं. घरचं माणूस घरी येतं, त्याला बोलवायचं कशाला, असं मी समजत होते.

"मग आता म्हायेरी ये," आई म्हणाली.