कानाला लावायची मेथी

कान दाबून बिडी सुटते की नाही, हे मला आजही माहीत नाही. आमच्या घरात तो प्रयोग झालाच नाही. झाला असं मला फक्त दाखवलं गेलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहापूरला वसतिगृहात राहून डी.एड. करत होते आणि शनिवारी दुपारच्या एसटीने मुरबाडपलीकडच्या आमच्या गावी यायचे. बाबांना दिवसाला दोन बंडलं बिडी लागायची. एक पेटलेली ओठात आणि पुढची उजव्या कानामागे, हा त्यांचा कायमचा शृंगार. त्या वर्षी भात कापणीला त्यांचा खोकला इतका वाढला की एक भारा उचलला तरी ते बांधावर बसून राहायचे. शहापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, "बिडी बंद. नाहीतर औषध देऊन उपयोग नाही."

मी घाबरले. घरी येऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "माझ्या डोक्यावर हात ठेवा नि सांगा, सोडली म्हणून."

बाबांनी हात मागे घेतला. "शपथ नको गो. दुसरं काय पन सांग, करतो."

दुसरं होतं. शहापूरच्या बाजारात एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन कानावरचे बिंदू दाबून व्यसन सोडवायचे. मी बाबांना त्यांच्याकडे नेलं. पहिल्या दिवशी कानाच्या पाळीला बारीक सुया टोचल्या, बाबांनी हूं की चूं केलं नाही. मग सुया काढून त्या जागी मेथीचे दाणे ठेवले आणि वर चिकटपट्टीचे तुकडे लावले. तलफ आली की दाणा दाबायचा, तीन दिवसांनी दाणे बदलायचे. डॉक्टरांनी मला बिंदू दाखवून दिले आणि निवडलेल्या मेथीची मूठभर पुडी दिली. ती मी आईच्या हवाली केली, दाणे कुठे लावायचे तेही शिकवलं. आई दाताला मशेरी लावत होती. तिने नुसती मान हलवली.

त्यानंतर दर शनिवारी बाबा ओटीवर बसलेले असायचे. कान लाल, त्यावर दोन पट्ट्या, कानामागे बिडी नाही.

"सुटली का?"

"सुटली गो."

मग मी त्यांच्या शेजारी बसून दाणे मिनिटभर दाबत असे. ते डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या कानाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, पण मला लावू द्यायचे. वसतिगृहात मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की मैत्रिणी मला बघून आपापले कान धरायच्या.

जवळच्या म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेआधीचा शनिवार होता. आईने तांदळाची भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. भाजी कोवळी होती, मी दोनदा मागून घेतली. "कुठनं आणलीस?" विचारलं, तर म्हणाली, "मोरीमागं लावलीय."

आमच्याकडे कधी मेथी लावत नसत. वाल लावत, मुळा लावत. हात धुवायला म्हणून मी मागे गेले. सांडपाण्याच्या ओलीवर मेथीच्या दोन हिरव्यागार ओळी होत्या आणि त्यांच्या कडेला बिड्यांची थोटकं पडली होती. काही जुनी, एक सकाळचं.

आई मागे येऊन उभी राहिली. तिने काही लपवलं नाही. "दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं त्यांनी. तू यायची असलीस का मी चिकटवते."

"आणि कान लाल कसा?"

"चोळते मीच."

"आणि बाकीच्या बिया?"

"चांगलं बी होतं. टाकवलं नाय. पेरलं."

मी ओटीवर गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. "तुला बरं वाटायचं गो," एवढंच म्हणाले.

बिडीचा राग मी गिळला असता. पण दोन महिने माझ्या घरातली दोन माणसं दर शनिवारी माझ्यासाठी नाटक लावत होती, दुकानदारापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि मी बाबांच्या कानावर बोट ठेवून देवाचे आभार मानत होते. वर ती भाजी वाखाणून खाल्ली. मला इतकं खुळं कुणीच केलं नव्हतं. जत्रेला न थांबता मी संध्याकाळच्या गाडीने परत गेले आणि पुढचे कित्येक शनिवार घरी आले नाही.

काही वर्षांनी मला खर्डीजवळच्या शाळेत नोकरी लागली. तोवर बाबांना अंगणातून ओटीवर येतानाही दम लागू लागला होता. पुढे ते खाटेलाच लागले आणि बिडी सुटली, कारण ती ओढायला श्वासच पुरत नव्हता.

एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. ते थांबत थांबत म्हणाले, "आता खरंच सुटली गो." आणि त्यांनी हात उचलून माझ्या डोक्याकडे आणला.

पहिल्या वेळी तो हात मागे का घेतला होता, ते मला त्या क्षणी कळलं. खोटी शपथ लेकराला बाधते, असं आमच्याकडे मानतात. मला फसवणं त्यांना जमलं, पण माझ्या जिवावर ते खोटं बोलले नाहीत. हे सगळं कळलं, आणि तरी मी डोकं बाजूला घेतलं.

हात गोधडीवर पडला. तो पुन्हा उचलायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि मीही तो उचलून डोक्यावर ठेवून घेतला नाही.